भोंगो फाटलो काय रे?

गणपतीचा दुसरा दिवस. दुपारची आरती झाली होती, पानं मांडायची लगबग चालली होती आणि खळ्यात रात्रीच्या भजनासाठी आणलेला अ‍ॅम्प्लिफायर मोकळा पडला होता. मुंबईहून आलेल्या माझ्या भाच्याने नेमकी ती वेळ साधली. इलेक्ट्रिक गिटार डिस्टॉर्शनच्या पेडलला जोडली, पेडल अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं, सगळी बटणं उजवीकडे पिळली आणि पहिला फटका मारला. पत्रा कौलावरून फरफटत न्यावा तसा आवाज आला. समोरच्या माडावरचे कावळे उडाले. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "झिला, भोंगो फाटलो काय रे?"

भाचा हिरमुसला. "मामा, व्हिडिओत हेच पेडल होतं, बटणं पण अश्शीच होती."

गंमत अशी की आई अगदी बरोबर बोलली होती. हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीतातल्या गिटारचा आवाज हा फाटलेलाच आवाज असतो. तो कुठे फाडायचा, किती फाडायचा आणि फाडल्यावर काय गाळून टाकायचं, यात सगळी मेख आहे. मी कुडाळात मिक्सर, पंप आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. गिटार वीस वर्षं वाजवतोय, त्यातली पहिली सात-आठ चुकीची. त्या दुपारी जेवणं झाल्यावर भाच्याला जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतो. मेटल आवडत नसलं तरी वाचा. घरात कुणी पोरगं गिटार घेऊन बसलं असेल, तर भिंतीपलीकडून येतंय ते काय आहे एवढं तरी कळेल.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते. हा पिकअप. वरची पोलादी तार थरथरली की पिकअपमध्ये किरकोळ वीज तयार होते, व्होल्टच्या काही दशांशांइतकी. ती कागदावर काढली तर लाटेसारखी दिसते.

आता जुन्या मातीच्या घराचं बुटकं दार आठवा. बेताच्या उंचीचा माणूस सरळ आत जातो, उंच माणसाचं डोकं चौकटीला आपटतं. डिस्टॉर्शनचं पेडल म्हणजे असं बुटकं दार. त्यात डायोड नावाचे चिमुकले भाग असतात. सिलिकॉनचा डायोड लाटेला साधारण ०.६ व्होल्टच्या वर डोकं काढू देत नाही. पेडल आधी लाट कित्येक पटींनी फुगवतं आणि मग या दारातून ढकलतं. गोल माथा कापला जाऊन सपाट होतो. किती फुगवायचं ते ठरवणाऱ्या बटणाला गेन म्हणतात. मिरवणुकीत बेंजोवाले भोंगा कुवतीबाहेर चढवतात तेव्हा हेच होतं, फक्त ते कुणी ठरवून केलेलं नसतं.

माथा कापला की नवे स्वर जन्माला येतात. तार सेकंदाला ११० वेळा थरथरत असेल, म्हणजे ११० हर्ट्झ, तर ३३०, ५५०, ७७० हर्ट्झचे उपस्वर जोर धरतात. तारेत ते थोडेफार आधीपासून असतातच, पण एरवी दबून असतात. फाटलेला आवाज जाड, भरलेला, खरखरीत वाटतो तो यांच्यामुळे.

हे परकं वाटत असेल तर तंबोरा ऐका. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला नाजूक उतार देऊन जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा जीवा सरकवून ती नेमकी जागा शोधतात. कशासाठी? तार घोडीला चाटून जावी आणि उपस्वरांचा झणकार उठावा म्हणून. जवारी नसलेला तंबोरा मुका वाटतो. तंबोऱ्यात आणि मेटलमध्ये कारण वेगळं, रस्ता वेगळा, पण साध्या तारेतून जादा स्वर काढायची भूक एकच.

सा आहे, प आहे, ग कुठे गेला?

एकदम छेडलेल्या स्वरांना कॉर्ड म्हणतात, आणि मेटलमध्ये सगळ्यात जास्त वाजते ती पॉवर कॉर्ड. नाव भारदस्त, पण आत आहेत फक्त षड्ज आणि पंचम. तंबोरा लावताना आपण हीच जोडी धरतो. मग गंधार का वगळला?

गिटारची सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झवर लावतात. तिला सा धरू. पंचम येतो १२३.५ वर. सा चा तिसरा उपस्वर, म्हणजे तिप्पट, २४७.२ आणि प चा दुसरा, म्हणजे दुप्पट, २४६.९. जवळपास एकावर एक बसले. त्यांच्यातल्या फरकामुळे उठणारा ठोका साधारण साडेतीन सेकंदांत एकदा, म्हणजे कानाला जाणवतही नाही. आता गंधार घ्या, १०३.८. सा चा पाचवा उपस्वर ४१२, तर ग चा चौथा ४१५.३. सेकंदाला तीनहून जास्त ठोके. साध्या गिटारवर हे भांडण दबलेलं असतं, पण पेडलने उपस्वर चढवले की ते चव्हाट्यावर येतं आणि कॉर्डचा चिखल होतो.

तंबोऱ्यातून कुणी न छेडता स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा उपस्वर. पेटीचा आणि गिटारचा गंधार त्याच्यापेक्षा थोडा चढा असतो, कारण या वाद्यांचे स्वर सगळ्या पट्ट्यांत चालावेत म्हणून तडजोडीने बसवलेले असतात. आमच्या भजनातले जुने बुवा पेटीच्या गंधारावर नाराज असायचे. त्यांची तक्रार आणि मेटलवाल्यांची अडचण एकच आहे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

अजून एक. फाटताना दोन स्वरांच्या फरकाचाही स्वर निघतो. १२३.५ वजा ८२.४ म्हणजे ४१ च्या आसपास. खालच्या सप्तकातला सा! बास गिटारची सगळ्यात जाड तार तिथेच लागते. म्हणजे दोन बोटांत न वाजवलेला तिसरा माणूस येऊन बसतो. पॉवर कॉर्ड छातीत बसते ती त्यामुळे.

मग गेन पूर्ण का नको?

भाच्याचा सरळ हिशेब होता: फाटल्याने मजा येते, तर जास्त फाडू.

गेन हा पंगतीतला एकसारखं वाढणारा वाढपी आहे. जोराचा फटका असो की हलका, दोघांचे माथे एकाच उंचीवर कापले जातात. म्हणजे लहान आवाजही मोठ्यांच्या बरोबरीला येतात. तारेवरून बोट सरकल्याची करकर, न वाजवलेल्या तारांची गुणगुण, घरातल्या विजेची घुर्र, सगळे पानावर बसतात आणि सगळ्यांना सारखंच वाढलं जातं. वर फटक्याचा टणका जातो. मेटलची ताकद या टणक्यात आणि दोन फटक्यांमधल्या शांततेत असते, आणि पूर्ण गेन दोन्ही खाऊन टाकतो.

"पण रेकॉर्डवर तर केवढा जाड वाटतो!" वाटतो, कारण तिथे बहुधा एक गिटार नसते. तोच तुकडा दोनदा, कधी चारदा स्वतंत्र वाजवतात आणि एक डाव्या कानात, एक उजव्या कानात ठेवतात. दोन वेळा वाजवण्यात केसभर फरक पडतोच आणि त्या फरकातून रुंदी येते. आपल्याकडची डबलबारीच, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, फक्त दोन्हीकडे बुवा एकच. घरी एकटा बसलेला पोरगा ही रुंदी गेनने भरून काढायला जातो. ती तशी येत नाही.

माझा ठोकताळा असा: जमलंय असं वाटेल तिथपर्यंत गेन वाढवा, मग एक खूण मागे या. पहिल्या दिवशी आवाज कोरडा वाटेल, आठवड्याने हात सुधारलेला असेल.

पेडल तेच, मग व्हिडिओसारखा आवाज का नाही?

आता खळ्यातल्या त्या पत्र्याच्या आवाजाकडे येऊ, कारण नवशिक्यांची नव्वद टक्के निराशा इथेच आहे. (टक्केवारी माझी, दुकानात येणाऱ्या पोरांवरून.)

भजनाच्या स्पीकरला झांजेची किणकिण ऐकवायची असते, म्हणून त्यात बारीक आवाजासाठी वेगळा कर्णा असतो. गिटारचा स्पीकर तसा नसतो. तो बहुतेकदा बारा इंची, जाड कागदी कोनाचा, आणि साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं तो फारसं वाजवतच नाही. हे त्याचं अपंगत्व नाही, काम आहे. फाटलेल्या आवाजात वरच्या टोकाला जो चरचरीत गाळ तयार होतो तो हा स्पीकर चहाच्या गाळणीसारखा अडवतो. पेडल थेट भजनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला किंवा हेडफोनला जोडलं की गाळणीच नाही. चोथ्यासकट चहा.

उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरवर वाजवत असाल तर अ‍ॅम्पच्या नकलेनंतर स्पीकरची नक्कल लावा. खऱ्या स्पीकरपुढे माईक ठेवून त्याचा स्वभाव टिपलेली छोटी फाइल असते, तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. अशा चांगल्या फाइली फुकट मिळतात. अ‍ॅम्पची नक्कलही फुकट मिळते, न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे त्यातलं एक. भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही ही गाळणी लावली तेव्हा त्याने हेडफोन काढून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गिटार बदलली.

गाळण्याचं दुसरं काम फाडण्याच्या आधी करायचं असतं. मासळी आधी साफ करतात, मग तळतात. तळल्यावर खवले निघत नाहीत. तसंच, जाड तारेचा घुमारा पेडलमध्ये जसाच्या तसा गेला तर फाटून त्याची लापशी होते आणि नंतर बेसचं बटण कितीही कमी केलं तरी ती लापशीच राहते. म्हणून मेटलवाले अ‍ॅम्पच्या आधी एक सौम्य पेडल लावतात. इबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर यासाठी प्रसिद्ध. त्याचा गेन जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल चढी ठेवतात. फाडायचं काम त्याचं नाहीच. ते फक्त खालचा घुमारा छाटतं, मधला आवाज पुढे ढकलतं आणि स्वच्छ मासा अ‍ॅम्पच्या तव्यावर टाकतं.

मधलं बटण

अ‍ॅम्पवर तीन बटणं असतात: बेस, मिड, ट्रेबल. खाली, मध्ये, वर. कॉलेजच्या गॅदरिंगला मी मिड शून्यावर आणि बाकी दोन्ही चढवून स्टेजवर गेलो होतो. खोलीत तो आवाज इतका राक्षसी वाटायचा की आरशासमोर उभं राहून वाजवायचो. गाणं संपलं आणि खाली उतरल्यावर मित्राने विचारलं, "तू वाजवत होतास की अ‍ॅक्टिंग करत होतास?" कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

भजनात बघा. खालचा घुमारा पखवाजाचा, वरची किणकिण झांजेची, आणि मधली जागा बुवांच्या गळ्याची. बँडमध्ये खालची जागा बास गिटार आणि मोठ्या ड्रमची, वरची झांजांची. गिटारला मधलीच उरते. मिड शून्य करणं म्हणजे आपलं पान आपणच उचलून देणं.

खोलीत मग ते गोड का वाटतं? हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर मुळात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून हळू वाजवताना आपण बेस-ट्रेबल चढवतो. तीच बटणं मोठ्या आवाजात ठेवली की चिखल आणि किरकिर, मध्ये पोकळी. बटणं लावायची तर ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात, आणि शक्य तर गाण्याबरोबर. एकट्या गिटारचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नये.

आता हात

इथपर्यंतचं सगळं एका दुपारी होतं. हाताला वेळ लागतो.

पहिला तुकडा म्हणून मी नेहमी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत देतो. तीन स्वर, संथ लय. सा, वरचा सा, आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. पंचमाचा आधार न देता तीव्र मध्यमावर थांबायचं. मारवा ऐकताना संध्याकाळी पोटात जे कालवतं, ते इथे तीन स्वरांत होतं. टॅबमध्ये, म्हणजे सहा रेघा म्हणजे सहा तारा आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पट्टीवर दाबायचं अशा लिखाणात, ते असं: सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर ३, चौथीवर ५, पाचवीवर ४.

हे वाजवणारा टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच उजवा. त्याने भांडी घासायच्या साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीचे तुकडे वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांना तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तेवढ्याने तारेचा ताण जवळपास २९ टक्के कमी होतो. बोटांना आराम मिळाला आणि आवाज अंधारा झाला. आज जगभर मेटलवाले तारा उतरवतात, त्यातल्या अनेकांची बोटं धडधाकट आहेत.

दुसरी शिकायची गोष्ट पाम म्यूट. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड, जिथे तारा घोडीवरून उतरतात तिथे अलगद टेकवायची. गवळी दूध उतू जाताना फुंकर घालतो तितकाच दाब. जास्त पुढे सरकलात तर स्वर मरतो आणि नुसता टप टप उरतो, मागे गेलात तर तार मोकाट सुटते. मधली जागा दोन-तीन मिलिमीटरची आहे. ती सापडली की तारेतून 'धुग्' असा आवाज येतो, पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूसारखा. भाच्याने ती जागा शोधायला पूर्ण संध्याकाळ घातली आणि ती संध्याकाळ मला वाया गेलेली वाटत नाही. डाव्या हाताचं रिकामं बोट न वाजणाऱ्या तारांवर पडलेलं ठेवायचं, हेही त्यातच आलं. नॉइज गेट नावाचं पेडल शांततेत दार लावून घेतं, पण तुम्ही वाजवत असताना दार उघडंच असतं.

तिसरी, वेग. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरला मेटॅलिका हा अमेरिकन मेटल बँड वाजवून गेला, तेव्हा मी मैदानात पार मागे उभा होतो. पडद्यावर त्यांच्या गिटारवाल्या जेम्स हेटफिल्डचं मनगट दिसत होतं. सगळे फटके वरून खाली. मिनिटाला २०० ठोके आणि ठोक्याला दोन फटके धरले तर सेकंदाला साडेसहाच्या वर. मी परत येऊन लगेच तसं करायला गेलो आणि महिनाभर मनगटाला तेल चोळत बसलो. ६० ठोक्यांवर सुरुवात करा. तीनदा बिनचूक आलं की पाचने वाढवा, चुकलं की दहाने मागे. खांदा वर चढला किंवा दात आवळले गेले तर तिथेच थांबा. वेग वाढवायची परवानगी मनगट देतं, कॅलेंडर देत नाही.

"एवढं करून गोंगाटच ना?"

हा प्रश्न आमच्या पेटीवाल्या काकांचा. मी त्यांना गिटारची जाड तार मोकळी वाजवून वर कोमल रिषभ लावून दाखवला. मेटलमधली ही फार आवडती जागा. मग कोमल ग, कोमल ध, कोमल नी. काका म्हणाले, "ही तर भैरवी." थाट भैरवीचाच, चालचलन मुळीच नाही. काकांना ते तरीही आवडलं नाही आणि त्यात काही गैर नाही. पण त्यांनी गोंगाट हा शब्द मागे घेतला, आणि पेटीवर तीच जागा दोनदा वाजवून बघितली.

शेजाऱ्यांसाठी हेडफोन आहेत. महाग सामानाबद्दल विचाराल, तर आधी तारा बदला.

कोकणातली खास दुखणी

तारा म्हटल्यावर हे आलंच. वरच्या बारीक तारा उघड्या पोलादाच्या असतात. किनाऱ्यावरची खारी हवा आणि बोटांचा घाम यांनी पावसाळ्यात त्या पंधरा दिवसांत काळ्या-तांबड्या पडतात. गंजलेली तार लवकर विझते, सुरात राहत नाही, आणि माणूस पेडलला शिव्या देतो. वाजवून झाल्यावर जुन्या सुती पंचाने प्रत्येक तार खालून-वरून पुसायची. जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात पाझर फुटतो, तिथे गिटार टांगू नये. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि अधूनमधून त्या बदलाव्यात.

आणि वीज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. एकाच गुंडाळीचा पिकअप ही घुर्र अँटेनासारखी पकडतो आणि गेन तिला वाढून देतो. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या, म्हणजे दोघींनी पकडलेली घुर्र एकमेकींना खाऊन टाकते. हा हंबकर. मेटलला बहुधा हाच वापरतात.

तारांना हात लावल्यावर घुर्र कमी होत असेल तर घाबरू नका, गिटारच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. पण हात लावल्यावर मुंग्या आल्या तर त्याच क्षणी बंद करा. मंडपात तीन पिनांचा प्लग नसला की उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. अर्थिंगची वायर त्यात कधीच नसते. ओल्या शेणाच्या जमिनीवर अनवाणी पाय, हातात पोलादी तारा आणि अर्थिंग गायब, हा प्रकार मेटलपेक्षा हेवी आहे. आमच्या खळ्यातही त्या दिवशी काड्याच होत्या. भाच्याचा आवाज सुधारण्याआधी मी त्या काढल्या.

गौरी-गणपती झाले, भाचा गाडीने परत गेला. परवा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं. पहिले दोन स्वर छान आले होते. तिसऱ्यावर, तीव्र मध्यमावर, तो अजून घाईने सुटतो. आईला ऐकवलं. ती डाळ निवडत होती. दोनदा ऐकून म्हणाली, "आता बरो घुमता." मी त्याला उत्तर लिहिलं: आजी पास म्हणते, गेन अजून एक खूण कमी कर.